हिशेबाची जुनी डिस्क आणि कॉम्प्युटरच्या आतील मांडणी

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील कापडाच्या पेढ्यांवर आणि कारखानदारांच्या ऑफिसांत १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॉम्प्युटर येऊ लागले. लाल कापडाच्या वह्या हळूहळू मागे पडल्या आणि टॅलीमध्ये हिशेब लिहिले जाऊ लागले. ती मशिने आज बहुतेक ठिकाणी माळ्यावर, गाठोड्यांच्या आड पडून आहेत. मशीन भंगारात गेले तरी फारसे बिघडत नाही. पण त्याच्या आत जी हार्ड डिस्क आहे, तिच्यात दहा-दहा वर्षांची खाती आहेत, हे आपले व्यापारी बंधू विसरतात.

ही खाती कधी लागतील याचा नेम नाही. भागीदार वारला की त्याच्या वारसांना हिश्शाचा हिशेब द्यावा लागतो. २००३ साली घेतलेला गाळा आज विकायचा झाला तर खरेदीची रक्कम आणि त्यावर पुढे झालेला बांधकामाचा खर्च दाखवावा लागतो, नाहीतर कर जास्त बसतो. कोणाची जुनी उधारी, कोणाच्या जेकार्डच्या डिझाइनच्या फाइली. अशा वेळी माणूस मशीन खाली उतरवतो, धूळ झटकतो आणि सुरू होत नाही म्हणून दुरुस्तीवाल्याकडे नेतो. तेथे सर्वांत आधी ऐकू येणारे वाक्य म्हणजे, ‘शेठ, फॉरमॅट मारावा लागेल.’ फॉरमॅट मारला की मशीन सुरू होते आणि हिशेब जातो.

म्हणून आम्ही येथे कॉम्प्युटरच्या आत हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह कशा मांडाव्यात हे सविस्तर सांगणार आहोत. हे काम कठीण नाही. ज्याला मागाचे बीम बदलता येते त्याला हे सहज जमेल. फक्त कोणती डिस्क कोणत्या तारेवर आणि का, हे समजून हात लावला पाहिजे.

चार जागा, दोन तारा

साधारण १९९५ ते २००५ या काळातील डेस्कटॉपमध्ये आयडीई नावाची पद्धत होती. मदरबोर्डवर चाळीस पिनांची दोन लांब सॉकेट असतात. एक प्रायमरी, दुसरे सेकंडरी. प्रत्येक सॉकेटमधून एक रुंद, चपटी रिबन केबल निघते आणि प्रत्येक केबलवर दोन उपकरणे बसतात. म्हणजे एकूण चार जागा झाल्या. हार्ड डिस्क असो, सीडी ड्राइव्ह असो, सीडी रायटर असो की डीव्हीडी, सगळ्यांनी याच चार जागा वाटून घ्यायच्या.

एका केबलवरच्या दोघांपैकी एकाला मास्टर आणि दुसऱ्याला स्लेव्ह म्हणतात. नावावरून पुष्कळांचा असा समज होतो की मास्टर हा मालक आणि स्लेव्ह त्याच्या हुकमात चालणारा. तसे काही नाही. ही फक्त ओळखण्याची नावे आहेत, एक नंबरचा गाळा आणि दोन नंबरचा गाळा म्हणावे तशी. दोघांनी एकच नंबर सांगितला तर मात्र घोटाळा होतो. मग दोन्हींपैकी एकही दिसत नाही, किंवा कधी एक दिसते आणि कधी दुसरे.

नंबर ठरतो जंपरने. ड्राइव्हच्या मागच्या बाजूला, केबलचे सॉकेट आणि विजेचे सॉकेट यांच्या मध्ये किंवा शेजारी, बारीक पिनांच्या जोड्या असतात. त्यांपैकी एका जोडीवर प्लॅस्टिकची इवलीशी टोपी असते, तीच जंपर. सीडी ड्राइव्हवर या जोड्यांशी इंग्रजी आद्याक्षरे कोरलेली असतात, मास्टर, स्लेव्ह आणि केबल सिलेक्ट. हार्ड डिस्कच्या लेबलावर बहुधा चित्र छापलेले असते. टोपी पडली तर शोधून ठेवावी, ती कमरेच्या गुंडीपेक्षाही लवकर हरवते.

येथे एक बारकावा आहे आणि तो दुरुस्तीवाल्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसतो. वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या डिस्कवर ‘मास्टर’ आणि ‘सिंगल’ अशा दोन निरनिराळ्या जागा असतात. शेजारी स्लेव्ह असेल तरच मास्टर, डिस्क केबलवर एकटी असेल तर सिंगल. एकट्या डिस्कवर जंपर मास्टरचा राहिला तर मशीन शेजारच्या स्लेव्हची वाट पाहत बसते, आणि कधी कधी डिस्क मुळीच सापडत नाही. तेवढ्यावरून ‘डिस्क मेली’ असा निकाल दिला जातो. लेबल वाचल्याशिवाय असा निकाल मान्य करू नये.

केबलचीही जात पाहावी. जुनी केबल चाळीस तारांची असते. नंतर ऐंशी तारांची आली. तिच्या टोकाला पिना चाळीसच, पण प्रत्येक दोन तारांच्या मध्ये एक जमिनीची तार घातलेली असते, जेणेकरून वेगाने जाणारे संकेत एकमेकांत मिसळू नयेत. हाताला ती जास्त बारीक विणीची लागते. कापडाच्या माणसाला नखाने चाचपूनच फरक कळेल. या केबलचे रंग ठरलेले आहेत. निळे टोक मदरबोर्डला, काळे टोक मास्टरला आणि मधले करडे स्लेव्हला. डिस्कचा जंपर केबल सिलेक्टवर ठेवला तर या टोकांवरूनच नंबर ठरतो. एकच उपकरण लावायचे असेल तर ते शेवटच्या काळ्या टोकाला लावावे. मधल्या टोकाला लावून शेवटचे लोंबते सोडले तर त्या रिकाम्या तुकड्यातून संकेत उलटे परततात आणि वाचताना चुका होतात.

केबलच्या एका काठावर लाल रेघ असते. ती एक नंबरच्या पिनेची खूण होय. डिस्कवर ही रेघ बहुधा विजेच्या सॉकेटकडे येते. मदरबोर्डवर सॉकेटशेजारी एकचा आकडा छापलेला असतो. केबलची लांबी अठरा इंचांपेक्षा जास्त नसावी असा नियम आहे, म्हणून लांबलचक केबल मिळाली तरी घेऊ नये.

कोणाला कोठे बसवावे

आता मुख्य गोष्ट. एका केबलवरची दोन उपकरणे एकाच वेळी बोलू शकत नाहीत. अरुंद बोळात दोन हातगाड्या समोरासमोर आल्या की एकीला थांबावेच लागते, तसे हे आहे. एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर माल न्यायचा आणि दोघी एकाच केबलवर, तर थोडे वाचायचे, थांबायचे, थोडे लिहायचे, पुन्हा थांबायचे. काम होते, पण वेळ लागतो. म्हणून ज्या दोघांमध्ये देवघेव जास्त, त्यांना निरनिराळ्या केबली द्याव्यात.

त्यावरून साधी मांडणी अशी निघते. ज्या डिस्कवर विंडोज आहे ती प्रायमरीवर मास्टर. सीडी रायटर सेकंडरीवर मास्टर. दुसरी हार्ड डिस्क असेल तर ती प्रायमरीवर स्लेव्ह, आणि फक्त वाचणारा दुसरा सीडी ड्राइव्ह असेल तर तो सेकंडरीवर स्लेव्ह. सीडीवरून सीडी उतरवण्याचेच काम ज्यांच्याकडे जास्त, त्यांनी मात्र वाचणारा ड्राइव्ह प्रायमरीवर न्यावा. रायटरला माल अखंड मिळावा लागतो. पुरवठा मध्येच तुटला की २००० पूर्वीच्या रायटरमध्ये सीडी वाया जात असे. त्या वर्षापासून तुटवडा सांभाळून घेणारे रायटर आले आणि ही भीती कमी झाली.

‘सीडी ड्राइव्ह हार्ड डिस्कच्या केबलवर लावला की डिस्क मंद होते’ असे अजूनही सांगितले जाते. अगदी जुन्या मदरबोर्डवर ते खरे होते, कारण तेथे दोघांना एकच चाल धरावी लागे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनचे बोर्ड प्रत्येकाला त्याच्या चालीने चालू देतात. तरीही आम्ही दोघांना वेगळे ठेवा असेच म्हणू, आणि त्याचे एक कारण निव्वळ फुटपट्टीचे आहे. सीडी ड्राइव्ह कॅबिनेटच्या वरच्या सव्वापाच इंची खणात बसतो, हार्ड डिस्क खालच्या साडेतीन इंची खणात. केबलच्या दोन टोकांमध्ये अंतर असते अर्ध्या फुटाच्या आसपास. उंच कॅबिनेटमध्ये एकच केबल दोघांपर्यंत पोचवायची म्हणजे ताणाताणी होते, आणि ताणलेले टोक थोडे जरी सुटले तरी लिहिता लिहिता डिस्क गायब होते.

स्क्रूबाबतही दोन शब्द. हार्ड डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे, सीडी ड्राइव्हचे बारीक आट्यांचे. एकाचा दुसऱ्यात पिळला तर आटे कायमचे जातात. लांब स्क्रू वापरू नये, तो आतल्या सर्किटला लागतो. दोन डिस्क असल्या तर मध्ये एक खण मोकळा सोडावा. आपल्याकडे मागाच्या खोलीशेजारीच ऑफिस असते. रुईचे तूस पंख्यात आणि चपट्या केबलींवर साचते, हवा कोंडते आणि डिस्क तापते. केबल बाजूला सपाट दुमडून ठेवली तर हवेला वाट मिळते. सीडी ड्राइव्हपासून साउंड कार्डापर्यंत जाणारी चार तारांची बारीक केबल फक्त गाण्याच्या सीडीसाठी होती. हिशेबाच्या कामाला तिची गरज नाही, ती काढून टाकली तरी चालते.

अक्षरे बदलली, हिशेब नाही

आता जो प्रकार सांगणार आहोत त्याने कित्येक व्यापाऱ्यांची झोप उडवली आहे. समजा, विंडोज ९८ च्या मशीनमध्ये एकच डिस्क आहे आणि तिचे दोन भाग आहेत, सी आणि डी. टॅलीचा डेटा डी मध्ये. जागा कमी पडली म्हणून दुसरी डिस्क लावली. मशीन सुरू केले, टॅली उघडली, तर कंपनीचे नावच नाही. डी उघडून पाहिला तर रिकामा.

डेटा कोठेही गेलेला नसतो. डॉस आणि विंडोज ९८ ही अक्षरे पुढील क्रमाने वाटतात. आधी प्रत्येक डिस्कवरचा पहिला मुख्य भाग, म्हणजे प्रायमरी पार्टिशन, आणि त्यानंतर उरलेले पोटभाग. त्यामुळे नव्या डिस्कचा मुख्य भाग डी झाला, जुना डी सरकून ई झाला आणि सीडी ड्राइव्ह आणखी पुढे गेला. टॅली बिचारी डी मध्येच शोधत राहते, कारण तिच्या टॅली.आयएनआय या फाइलमध्ये तोच पत्ता लिहिलेला असतो. तेथे पत्ता बदलला की खाती परत दिसतात. किंवा नव्या डिस्कवर मुख्य भाग न पाडता सगळे पोटभागच पाडावेत, म्हणजे जुनी अक्षरे हलत नाहीत. विंडोज एक्सपी दिलेली अक्षरे लक्षात ठेवते, त्यामुळे तेथे हा त्रास कमी.

घाबरून कोणी त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत नवी कंपनी उघडतो, कोणी ‘डेटा गेला’ म्हणून जुना बॅकअप घेऊन चढवतो, आणि खरे नुकसान तेथून सुरू होते. खाती दिसली नाहीत तर आधी प्रत्येक अक्षर उघडून पाहावे. टॅलीचा डेटा आकडी नावांच्या फोल्डरांत असतो, तो चटकन ओळखू येतो.

एकशे सदतीस जीबीची भिंत

जुन्या मशीनमध्ये मोठी डिस्क बसवताना आणखी एक धोका आहे. जुनी पद्धत डिस्कवरील जागेचा पत्ता २८ अंकी द्विमान संख्येत लिहीत असे, आणि त्या अंकांत १३७ जीबीच्या पुढचा पत्ता मावतच नाही. पुढे ४८ अंकी पद्धत आली. विंडोज एक्सपीला ती २००२ च्या सर्व्हिस पॅक एकपासून समजू लागली. विंडोज ९८ ला ती स्वतःहून कधीच समजली नाही.

आमच्या परिचयाच्या एका कापड व्यापाऱ्याने १६० जीबीची डिस्क घेतली. दुरुस्तीवाल्याने आपल्या नव्या मशीनवर तिचे भाग पाडले, हिशेब उतरवून दिले आणि ती यांच्या जुन्या एक्सपीच्या मशीनमध्ये बसवली. सर्व्हिस पॅक नव्हता. काही दिवस सगळे सुरळीत. नंतर शेवटच्या भागात डिझाइनचे स्कॅन ठेवायला सुरुवात केली आणि एका सकाळी डिस्क उघडेना. पत्ता मावला नाही म्हणून मशीनने पुढचा माल फिरवून डिस्कच्या सुरुवातीला लिहिला होता, आणि डिस्कची सूची सुरुवातीलाच असते. पाच वर्षांची खाती गेली. दुरुस्तीवाला म्हणत राहिला की डिस्क खराब निघाली. डिस्क धडधाकट होती.

त्यापेक्षा जुन्या बोर्डांना याहून लहान भिंती आहेत. काहींना ८.४ जीबीच्या, तर १९९९ च्या आधीच्या काहींना ३२ जीबीच्या आसपास. तेथे निदान मशीन सुरुवातीलाच अडून बसते. १३७ जीबीची भिंत दिसत नाही म्हणून जास्त वाईट. जुन्या मशीनला ८० किंवा १२० जीबीची डिस्क पुरे, खात्यांना तेवढी जागाही लागत नाही.

साटाचे मशीन असेल तर

२००३ पासून साटा नावाची पद्धत आली. बारीक केबल, एका केबलवर एकच उपकरण, मास्टर-स्लेव्हची भानगड नाही. जंपरची चिंता मिटली, पण दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, २००६ नंतरच्या पुष्कळ बोर्डांवर आयडीईचे एकच सॉकेट उरले. तेथे हार्ड डिस्क साटावर घ्यावी आणि आयडीई सॉकेट जुन्या सीडी ड्राइव्हसाठी ठेवावे. दुसरी, बायोसमध्ये साटा कोणत्या पद्धतीने चालवायचे याची निवड असते, आयडीई किंवा एएचसीआय. विंडोज एक्सपी आधीच चढवलेली असेल आणि कोणी ही निवड बदलली, तर सुरू होतानाच निळा पडदा येतो. निवड पूर्ववत केली की मशीन पुन्हा चालते. निळा पडदा पाहून फॉरमॅटला संमती देऊ नये.

माळ्यावरून काढलेली डिस्क

आता ज्या कामासाठी हा सगळा खटाटोप, ते. खात्यांची जुनी डिस्क हाताशी आहे, तिच्यातून माल बाहेर काढायचा आहे. आमच्या मते या डिस्कवर एकही अक्षर लिहिले जाऊ नये, तिच्यातून फक्त वाचावे.

मशीनची वायर भिंतीतून काढावी. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून मगच डिस्क धरावी, कारण अंगातली स्थिर वीज सर्किट जाळते. चालू अवस्थेतील मशीनची स्वतःची डिस्क प्रायमरीवर मास्टर आहे तशीच राहू द्यावी. सेकंडरीवरचा सीडी ड्राइव्ह काही काळ सोडवून ठेवावा आणि त्या केबलच्या शेवटच्या टोकाला जुनी डिस्क एकटी लावावी. जंपर मास्टर, किंवा लेबल सांगत असेल तर सिंगल. विजेचे चार तारांचे टोक एकाच बाजूने बसते, जोर करू नये. डिस्क सपाट ठेवावी, चालू असताना हलवू नये.

मशीन सुरू करताच बायोसमध्ये जावे. दोन्ही डिस्कची नावे दिसली पाहिजेत, आणि सुरू होण्याच्या क्रमात मशीनची स्वतःची डिस्क पहिली हवी. क्रम उलटा झाला तर जुन्या डिस्कवरचे विंडोज अनोळखी मशीनमध्ये जागे होते आणि आपल्या मनाने नवे ड्रायव्हर लिहू लागते. कधी विंडोज सुरू होताना जुनी डिस्क तपासण्याची सूचना देते आणि उलटे आकडे मोजू लागते. तेव्हा कोणतीही कळ दाबून ती तपासणी थांबवावी. तपासणी म्हणजे दुरुस्ती, आणि दुरुस्ती म्हणजे लिहिणे. ते काम प्रत हाती आल्यावर करता येईल.

मग टॅलीचे अख्खे फोल्डर, प्रोग्रामसह, मशीनच्या डिस्कवर उतरवून घ्यावे. प्रोग्राम एवढ्यासाठी की जुन्या आवृत्तीचा डेटा आजच्या टॅलीत थेट उघडत नाही, मधल्या आवृत्तींतून टप्प्याने चढवावा लागतो. उतरवलेली खाती उघडून एखाद्या वर्षाची अखेरची बाकी छापील ताळेबंदाशी पडताळावी. जुळली की जुनी डिस्क सोडवून सीडी ड्राइव्ह पुन्हा जागेवर लावावा. जुन्या सीडीवर घेतलेले बॅकअप असतील तर तेही याच वेळी वाचून घ्यावेत. एका ड्राइव्हवर न उघडलेली सीडी दुसऱ्या ड्राइव्हवर उघडते असा आमचा अनुभव आहे, म्हणून जुना चालता ड्राइव्ह भंगारात देऊ नये.

ज्यांच्याकडे जुने मशीन उरलेच नाही त्यांना आयडीईचे यूएसबी करणारा कन्व्हर्टर लॅमिंग्टन रोडवर मिळतो. मोठ्या डिस्कला बारा व्होल्ट लागतात, तेव्हा स्वतःचा अॅडॉप्टर असलेलाच घ्यावा. त्याला लावतानाही जंपर बहुधा मास्टरवर लागतो.

डिस्क सुरू होताच टकटक असा आवाज करू लागली तर त्याच क्षणी वीज बंद करावी. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहणे, ठोकणे, फ्रीजमध्ये ठेवणे हे सगळे उपाय आम्ही ऐकले आहेत. आत प्लेटीवर ओरखडे पडत असतील तर प्रत्येक प्रयत्नाला थोडी थोडी खाती खरवडून निघतात. असे काम डेटा काढून देणाऱ्या माणसाकडेच न्यावे, आणि तो किती घेईल हे आधी ठरवून घ्यावे.

काढलेल्या प्रती दोन ठेवाव्यात, एक पेढीवर आणि एक घरी. मूळ डिस्क स्थिर वीज रोखणाऱ्या पिशवीत घालून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावी आणि खोक्यावर कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतची खाती, कोणती टॅली, जंपर कोठे आहे एवढे लिहावे. टॅलीचा पासवर्ड त्या खोक्यावर लिहू नये. तो वेगळ्या कागदावर लिहून तिजोरीत ठेवावा आणि मुलाला किंवा भागीदाराला दाखवून ठेवावा.